सावलीत ऊन किती?

मे महिन्यातली दुपार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली या तालुक्याच्या गावी, पानठेल्यासमोरच्या बाकड्यावर एक काकाजी बसले आहेत. भाच्याचा फोन त्यांनी तोंडासमोर आडवा धरला आहे आणि कोर्टात साक्ष द्यावी तसे एकेक शब्द सुटा करून ते विचारतात, "सावलीत आज तापमान किती आहे?"

फोनमधली बाई मोठ्या अदबीने सांगते की सावलीत बसल्यावर ऊन कमी जाणवतं आणि दिवसभर भरपूर पाणी प्यावं.

काकाजी फोनकडे बघतात, मग डोक्यावरच्या फाटक्या हिरव्या जाळीकडे. "सावलीतच तं बसलो ना माय!"

भाचा तोडगा काढतो. "मामाजी, मूलचं विचारा. बाजूलेच हाय, ऊन सारखंच तपते." काकाजी मूलचं तापमान विचारतात. आता बाईच्या आवाजात काळजी येते. लहान मुलाच्या अंगात ताप असेल तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावं, असं ती म्हणते.

हा प्रसंग थोडा रंगवलेला आहे, पण गावांची नावं रंगवलेली नाहीत. सावली आणि मूल हे चंद्रपूर जिल्ह्यातले शेजारशेजारचे तालुके आहेत आणि ज्या जिल्ह्यात पारा उन्हाळ्यात ४७-४८ अंशांना टेकतो तिथे सावलीतलं ऊन मोजणं ही चेष्टा नसून रोजची गरज आहे. बिचाऱ्या फोनचा दोष एवढाच की नावं ठेवताना त्याला कुणी विचारलं नव्हतं.

खरं तर फोनमधल्या बाईला काहीच माहीत नसतं. ती गोड बोलते, पण तिच्या डोक्यात ना हवामान आहे ना धानाचा भाव. काकाजी बोलले की तो आवाज आधी कंपनीच्या लांबच्या संगणकांकडे जातो. तिथे आवाजाची अक्षरं होतात. मग या माणसाला नेमकं काय पाहिजे याचा अंदाज बांधला जातो. या अंदाजाला धंद्यातले लोक 'इंटेंट' म्हणतात. त्यानंतर उरतात 'स्लॉट', म्हणजे चौथीच्या परीक्षेतल्या 'रिकाम्या जागा भरा'. विषय : हवामान. गाव : टिंबटिंब. दिवस : आज. ही भरलेली चिठ्ठी इंटरनेटवरून तिसऱ्याच कुणाच्या तरी संगणकाकडे धाडली जाते, कारण हवामानाची वही त्याच्याकडे असते. तो वही उघडतो, उत्तराची चिठ्ठी लिहितो आणि आल्या वाटेने परत पाठवतो. बाई ती मोठ्याने वाचून दाखवते आणि श्रेय तिला मिळतं. चिठ्ठी ठरलेल्या पत्त्यावर टाकण्याच्या या सोयीचं नाव वेबहुक. हे नाव २००७ साली जेफ लिंडसे या अमेरिकी प्रोग्रामरने रूढ केलं.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला फळा-खडू लागत नाही. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, रात्रभर नाटकं चालतात, वडसा हे त्या मंडळींचं माहेर, आणि २०२३ मध्ये झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्रीही मिळाली. या रंगभूमीवर पडद्याआडच्या प्रॉम्प्टरचं महत्त्व जुन्या प्रेक्षकाला नटाइतकंच ठाऊक असतं. नट रंगमंचावर छाती पुढे काढून उभा असतो, वाक्य विंगेतून येतं. फोनमधली बाई म्हणजे तो नट आणि वेबहुकच्या पलीकडचा संगणक म्हणजे विंगेतला माणूस. विंगेतून वाक्य आलंच नाही तर नट खोकतो, पदर किंवा फेटा सावरतो, 'अरे देवा, हे मी काय ऐकतोय' असं म्हणत दोन येरझाऱ्या घालतो. अलेक्सा बनवणाऱ्यांनीही अशीच सोय ठेवली आहे. मागचा संगणक शोधाशोध करत असताना बाईने मधल्या मध्ये 'थांबा हं, बघते' असं म्हणावं, यासाठी वेगळी चिठ्ठी पाठवता येते. फेटा सावरायला तेवढा वेळ मिळतो.

वेळ मात्र फार मिळत नाही. अलेक्साची यंत्रणा उत्तराची वाट साधारण ८ सेकंद बघते. गूगलच्या डायलॉगफ्लो या यंत्रणेत वेबहुकला नेहमीची मुभा ५ सेकंदांची. तेवढ्यात चिठ्ठी परतली नाही तर बाई क्षमा मागून मोकळी होते.

५ सेकंद! गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या माणसाने हा आकडा ऐकला तर तो आधी पान थुंकेल आणि मग हसेल. तिथे पर्लकोटा नदी पावसाळ्यात पुलावर चढली की तालुक्याचा रस्ता बंद. मग तलाठ्याने वाट बघायची, मास्तरने बघायची, औषधांच्या गाडीने बघायची, आणि पाणी उतरल्यावर सगळ्यांनी मिळून पुलावरचा गाळ बघायचा. असं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. या मुलखात 'टाइमआउट' कळायला घड्याळ पुरत नाही, कॅलेंडर लागतं.

पण घाईचं कारणही खरं आहे. माणूस बोलून थांबला की गप्पपणा त्याला सहन होत नाही. समोर चेहरा असता तर निदान भुवया दिसल्या असत्या. फोनच्या बाईला भुवया नाहीत.

आता चिठ्ठीतल्या रिकाम्या जागांकडे वळू, कारण खरी गंमत तिथेच आहे. माणूस म्हणतो वडसा. रेल्वे स्टेशनावरही पाटी वडसा अशीच आहे. पण सरकारदरबारी तालुका आहे देसाईगंज. मागच्या संगणकाच्या वहीत फक्त देसाईगंज लिहिलेलं असेल तर वडशाचा माणूस स्वतःच्याच गावात परका ठरतो. म्हणून ही यंत्रं बसवणाऱ्यांना प्रत्येक नावापुढे त्याची टोपणनावं लिहून ठेवावी लागतात : वडसा म्हणजेच देसाईगंज, चांदा म्हणजेच चंद्रपूर. हे काम कुठलंही यंत्र आपणहून करत नाही. त्याला एक वडशाचाच माणूस लागतो.

यावर कडी म्हणजे एचएमटी. नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमाराला स्वतःच्या बांधीत, पटेल ३ या वाणाच्या पिकात, वेगळ्याच दिसणाऱ्या लोंब्या सापडल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या आणि त्यातून बारीक दाण्याचं, चवीचं धान तयार झालं. त्या काळी एचएमटीची घड्याळं लोकांच्या मनगटावर होती, म्हणून व्यापाऱ्याने धानाला नाव दिलं एचएमटी. दादाजी २०१८ च्या जूनमध्ये गेले. तांदूळ अजून ताटात आहे. आता एखाद्या यंत्राला 'नांदेडचा एचएमटी काय भाव?' असं विचारून बघा. यंत्र मराठवाड्यात जाईल आणि तिथल्या दुकानांतून मनगटी घड्याळांच्या किमती गोळा करून आणेल. चिठ्ठीतल्या दोन्ही रिकाम्या जागा व्यवस्थित भरलेल्या असतील, व्याकरण शुद्ध असेल, फक्त उत्तर ३०० किलोमीटर चुकलेलं आणि ते वेळ दाखवणारं. शाळेत अशा उत्तराला मास्तर निदान अर्धा गुण तरी देत.

वेबहुकचा शोध कशासाठी लागला हे कळायला धान खरेदी केंद्राइतकी चांगली शाळा नाही. शेतकरी धान मोजून देतो आणि चुकाऱ्याची, म्हणजे पैशांची, वाट बघतो. सोमवारी विचारतो, "चुकारे आले का जी?" "नाई आले." बुधवारी पुन्हा तेच. शुक्रवारी तो काही न बोलता फक्त दारात उभा राहतो आणि आतला माणूस मान न उचलता हात हलवतो. याला संगणकवाले 'पोलिंग' म्हणतात, मराठीत याला चकरा मारणं म्हणतात. दर चकरेला पेट्रोल लागतं आणि दहातल्या नऊ चकरा फुकट जातात. वेबहुक म्हणजे आतल्या माणसाने एकदाच म्हणावं, 'काकाजी, घरी जा. पैसे आले का मीच निरोप धाडतो.' आणि मग खरोखरच धाडावा. ही पद्धत जगभरच्या संगणकांनी उचलली. माणसांच्या कार्यालयांत ती अजून वाटेत असावी.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र कार्यालयं संगणकांच्या पुष्कळ पुढे होती. चिठ्ठी पोचली की घेणाऱ्या संगणकाने लगेच '२०० ओके' असा आकडा परत पाठवायचा, असा नियम आहे. नवख्या पोराला वाटतं, ओके आलं म्हणजे काम झालं. ज्याने आयुष्यात एकदा तरी तहसील कचेरीत अर्ज दिला आहे त्याला असा गैरसमज होत नाही. आवक-जावक टेबलावरचा बाबू अर्जाच्या प्रतीवर 'प्राप्त' असा निळा शिक्का मारतो, खाली तारीख घालतो, आणि त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच असतो की कागद आता तुमच्या हातात नाही. २०० ओके पुष्कळदा तेवढंच सांगतं. अनुभवी प्रोग्रामर तर मुद्दाम असंच लिहितात : आधी शिक्का मारून द्या, पाठवणाऱ्याला वाटेला लावा, मग आत बसून सावकाश काम करा. हे त्यांना कुठल्याशा परिषदेत शिकवलं जातं म्हणे. इथला बाबू ते टेबलावरच शिकला.

शिक्का मिळाला नाही तर काय होतं, हेही सारखंच. पोच आली नाही की पाठवणारा संगणक तीच चिठ्ठी पुन्हा टाकतो, थोड्या वेळाने पुन्हा. पहिली चिठ्ठी पोचलेली असते, फक्त पोच हरवलेली असते. मग एकाच विहिरीचे तीन अर्ज होतात. घेणारा जर डोळे मिटून काम करणारा असेल तर कागदावर तीन विहिरी खणल्या जातात. यावर उपाय म्हणून प्रत्येक चिठ्ठीला एक न बदलणारा क्रमांक देतात आणि तो आधी आलेला असेल तर चिठ्ठी गुपचूप बाजूला ठेवतात. आवक क्रमांकाचा जन्म यासाठीच झाला आहे, हे कारकुनाला कुणी सांगावं लागलं नाही.

खोट्या चिठ्ठ्यांचीही भीती असतेच. वेबहुकचा पत्ता म्हणजे उघडं दार, कुणीही यावं आणि 'साहेबांनी पाठवलंय' म्हणावं. म्हणून चिठ्ठीवर गुप्त किल्लीने केलेली सही लागते. अलेक्साचा नियम तर असा की चिठ्ठीवरची वेळ १५० सेकंदांहून जुनी असेल तर ती घ्यायचीच नाही, कुणी तरी जुनीच चिठ्ठी पुन्हा चालवत असेल या संशयाने. गावातल्या कोतवालाला ही अडचण नव्हती. तो कुणाचा कोण हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत असायचं आणि त्याची मुनादी शिळी झाली आहे की ताजी, हे त्याच्या दमावरून कळायचं.

बोलून काम करून घेण्याची जी खटपट मोठ्या कंपन्या गेली दहा वर्षं करत आहेत, तिचं अर्धं काम भारतीय माणसाने एकही शब्द न बोलता केलं होतं. त्याचं नाव मिस्ड कॉल. एक रिंग द्यायची, कापायचं. बोलणं शून्य, खर्च शून्य, निरोप पूर्ण. 'बस वडशाला पोचली.' 'भाकर झाली, ये.' 'बाबा घरी नाईत.' कोणत्या रिंगचा अर्थ काय हे दोन्हीकडच्यांनी आधीच ठरवलेलं असायचं, आणि वेबहुकची व्याख्या तरी याहून वेगळी काय आहे?

महावितरणने हीच युक्ती कामाला लावली. वीज गेली की ग्राहकाने नोंदवलेल्या मोबाइलवरून ठरलेल्या क्रमांकाला मिस्ड कॉल द्यायचा, तक्रार नोंदली जाते. फोन कुणी उचलतच नाही. अशा सेवांत कॉल आला की यंत्रणा तो कापते आणि अमुक क्रमांकावरून अमुक वाजता रिंग आली एवढी चिठ्ठी मागच्या संगणकाकडे टाकते. संगणक त्या क्रमांकावरून ग्राहक ओळखतो. यात सावली आणि सावलीचा घोळ नाही, उच्चारांचाही नाही. अंधारात बसलेल्या माणसाला गोड आवाजाशी गप्पा मारायच्या नसतात, हे ज्याने ओळखलं त्याला झाडीपट्टीच्या मंडईत नारळ-शाल द्यायला हरकत नाही.

शेजारच्या छत्तीसगडात तर २०१० मध्ये यातूनच एक अख्खं बोलतं वर्तमानपत्र उभं राहिलं, सीजीनेट स्वर. सुरू करणारे शुभ्रांशु चौधरी, पूर्वी बीबीसीत पत्रकार. जंगलातल्या माणसाने मिस्ड कॉल द्यायचा, संगणक उलटा फोन करतो, मग एक बटण दाबून आपली बातमी सांगायची किंवा दुसरं दाबून इतरांची ऐकायची. हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही, मास्तर येत नाहीत, अशा बातम्या गोंडीतही सांगितल्या गेल्या. ऐकणाऱ्यांनी साहेबांना फोन करकरून काही हातपंप दुरुस्त करवून घेतले. इथे सगळ्यात शेवटचा वेबहुक माणूसच होता.

गोंडीचा विषय निघाला की बोलक्या यंत्रांचा आवाज जरा बारीक होतो. गूगलची बाई २०१८ मध्ये मराठी बोलू लागली. अलेक्साला २०१९ मध्ये हिंदी आलं. पण गडचिरोलीत नुसत्या मराठीने भागत नाही. भामरागडला माडिया, एटापल्लीला गोंडी, सिरोंच्याला तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी आणि मुलचेऱ्याला चक्क बंगाली. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख निघाले, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचं अॅप चाचणीसाठी आणलं, त्यात संथाली, भिली, मुंडारी यांच्यासोबत गोंडी आहे. उशिरा का होईना, गाडी फलाटाला लागली.

आणि ज्यांची मराठीच आहे त्यांचं तरी काय? झाडीबोलीत ळ चा र होतो आणि ण चा न. डोळ्याचा डोरा, फळाचं फर. चंद्रपूरच्या उन्हात कुणी फोनला 'यंदा आंब्याले फर किती येईल?' असं विचारलं तर पुण्या-मुंबईच्या मराठीवर पोसलेलं यंत्र लोकरी कोटांची यादी घेऊन हजर होईल, ४७ अंशांत. परिणामी आजोबा फोनशी बोलताना पाठ्यपुस्तकातलं बोलतात आणि फोन ठेवला की पुन्हा माणसात येतात. यंत्राला शिकवायचं सोडून आजोबांनाच वळण लावायचं, हा सौदा काही बरोबर नाही.

या सगळ्या गर्दीत एक गिऱ्हाईक असं आहे, की ज्याला भाषा लागत नाही, खातं लागत नाही आणि ज्याची चिठ्ठी कुणी मागे ठेवत नाही. ताडोब्याच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावात २०२३ मध्ये वेशीवर कॅमेरे बसवले गेले. ते चित्र बघून ठरवतात, ही गाय की कुत्रं की वाघ. वाघ असला तर गावात भोंगा वाजतो. म्हणजे वाघ नुसता चालत येतो, त्याच्या चालण्याचीच चिठ्ठी होते आणि पलीकडे भोंगा हे उत्तर. इथे इंटेंट ओळखायची गरज नाही, तो सगळ्या गावाला पाठ आहे. इथे गाईला वाघ समजलेलं चालेल, लोक दोन शिव्या घालून पुन्हा झोपतील. वाघाला गाय समजलेलं चालणार नाही. आणि 'क्षमा करा, पुन्हा एकदा याल का?' असं या गिऱ्हाइकाला म्हणायची सोय नाही.

बोलक्या बाईच्या मागे दुकान थाटणाऱ्यांनाही एक गोष्ट कळून चुकली. गूगलने आपल्या असिस्टंटवर बाहेरच्यांना अशा गप्पांच्या सेवा उभारू दिल्या होत्या, हजारो वेबहुक त्यामागे कान लावून बसले होते. १३ जून २०२३ ला ती सोय बंद झाली. पत्ते जागेवर राहिले, चिठ्ठ्या येणं थांबलं. गावातलं पोस्ट बंद झाल्यावर लाल पेटी भिंतीला तशीच लटकत राहते, तसं.

तेव्हा काकाजी, एक करा. पुढच्या वेळी फोनला 'सावली तालुका, जिल्हा चंद्रपूर' असं पूर्ण म्हणा. मूलचंही तसंच, पत्त्यासकट. आणि वीज गेली तर काही म्हणूच नका, नुसती एक रिंग द्या आणि कापा.